खटक्याचं पेडल: वागळे इस्टेटमध्ये गेलेल्या आठ महिन्यांच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

चार वर्षं वापरलेलं सायकलचं एसपीडी पेडल (शिमानो कंपनीचं 'क्लिपलेस', दोन्ही बाजूंनी बूट अडकणारं) आज संक्रांतीच्या तोंडावर उघडलं. गेल्या पावसाळ्यात डावीकडचा टेन्शनचा, म्हणजे खटक्याची पकड कमी-जास्त करायचा, स्क्रू गंजून बसला, अॅलन की फिरवली तर डोकं गोल झालं. छर्रे सोडून एका पेडलचे सुटे भाग मोजले, १९ निघाले. त्यातला एकही आपल्याकडे दुरुस्त करून मिळत नाही. पूर्ण जोडी बदला, एवढाच सल्ला.

मी राबाळ्याला टूलरूममध्ये आहे, ठाण्यातल्या वर्तकनगरहून कळवा-विटावामार्गे सायकलने जातो. १९ भागांचं काम ५-६ भागांत व्हायला हवं, असं मनात बसलंय. स्वतःला घातलेली अट: कुठलीही दुरुस्ती ४ नंबरची अॅलन की आणि पक्कड एवढ्यावर झाली पाहिजे. बजेट ५,००० रुपये, मुदत दोन महिने.

ज्यांना शब्दाचा घोळ वाटतो त्यांच्यासाठी: 'क्लिपलेस' म्हणजे जुनी पट्ट्याची टो-क्लिप नसलेलं. बूट मात्र पेडलमध्ये खट्ट करून अडकतोच. १९८४ मध्ये लुक या फ्रेंच कंपनीने स्कीच्या बाइंडिंगवरून हे बाजारात आणलं, १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनोने त्यावर जिंकली. शिमानोचं एसपीडी १९९० चं. म्हणजे मी काही नवा शोध लावत नाहीये, फक्त भाग कमी करतोय.

२१ जानेवारी

रोड नंबर २२ जवळच्या गाळ्यातल्या लेथवाल्या काकांकडे आराखडा घेऊन गेलो. साठी उलटलेली आहे, किसननगरहून स्वतः काळ्या सायकलवर येतात, पायात चप्पल.

आराखडा 'अ': पेडल अगदी मठ्ठ ठेवायचं. डेलरिनचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा, ठोकळा आणि त्यात आडव्या दोन ६ मिमी स्टेनलेस सळया, बस. खटका क्लीटमध्ये, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या बुटाखालच्या तुकड्यात. पुढे आकडा, मागे पातळ स्प्रिंगची पट्टी.

काकांनी कागद उलटसुलट केला. "स्प्रिंग कशाला? एक पिन टाक, उतरताना हाताने ओढ." मी त्यांना सांगितलं की इटलीच्या चिनेल्लीने ७०च्या दशकात तसंच केलं होतं, वाकून हाताने सोडवायचं. लोकांनी त्याचं नाव मरणक्लीट ठेवलं. काका म्हणाले, "मग तू वाकू नकोस," आणि कामाला लागले.

४ फेब्रुवारी

'अ' तयार. डेलरिन, सळया आणि टर्निंगचे १,१५०, क्लीटच्या पट्ट्या लेसरवर कापून घेतल्या त्याचे ९००. बुटाला क्लीट दोन एम५ (५ मिमी) बोल्टांनी बसतं, मधलं अंतर १४ मिमी. मी तिथेही साधेपणा केला: दोनऐवजी मधोमध एकच एम६. एक बोल्ट कमी, एक भोक कमी. कागदावर फार देखणं दिसत होतं.

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये वीस वेळा अडकवलं, वीस वेळा सुटलं. वॉचमन बघत होता.

११ फेब्रुवारी

कॅडबरी जंक्शनच्या सिग्नलला डाव्या बाजूला आडवा झालो.

कारण लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणी हे करू नये. पाय सोडवायला टाच बाहेर फिरवायची असते. मी फिरवली, बूट फिरला, पण क्लीट पेडलमध्येच राहिलं. एकाच बोल्टवर ते बुटाखाली भिंगरीसारखं फिरत होतं. पार्किंगमध्ये बोल्ट ताजा आवळलेला होता म्हणून चाललं. सात किलोमीटरच्या खड्ड्यांनंतर तो थोडा सैल झाला, आणि थोडा पुरतो. दोन बोल्टांतही एक पडला तर नेमकं हेच होतं.

मागचा रिक्षावाला उतरून आला, सायकल उचलली, बूट पेडलला तसाच लटकलेला. "पाय चिकटवलाय का?" असं त्याने खरंच विचारलं. कोपर सोललं, ब्रेकचा लिव्हर वाकला, हँडलची टेप फाटली. लिव्हर-टेपचे ६५०.

१८ फेब्रुवारी

दोन बोल्टांवर परत आलो. आता क्लीट फिरत नाही. पण 'अ' तरीही बाद.

खटका बुटाखाली असला की तुम्ही खटक्यावर चालता. राबाळे एमआयडीसीतली बारीक खडी, भंगारवाल्यासमोरचा लोखंडी कीस, चहाच्या टपरीजवळचा चिखल, सगळं त्या फटीत. सोमवारी उजवा पाय बसेना, मंगळवारी सुटेना. बुधवारी जिन्यावर पट्टी वाकली. पेडलमधली गुंतागुंत मी संपवली नव्हती, नुसती उचलून बुटाखाली ठेवली होती, जिथे सगळ्यात जास्त घाण असते. शिवाय स्टॅक हाइट, म्हणजे तळव्यापासून पेडलच्या दांडीच्या मध्यापर्यंतचं अंतर, इतकं वाढलं की सीट ९ मिमी वर करावी लागली.

पाच आठवडे आणि २,०५० रुपये गेले.

१० मार्च

आराखडा 'ब'. आता क्लीट मठ्ठ, खटका पेडलमध्ये. पुढे पक्का आकडा, मागे यू आकारात वाकवलेली ३ मिमीची पियानो वायर, म्हणजे स्प्रिंगची कडक पोलादी तार. तीच स्प्रिंग आणि तोच क्लीट धरणारा जबडा. हे मला अजूनही आवडतं. जबडा, त्याची पिन, दोन स्प्रिंगा, टेन्शनचा स्क्रू, त्याची चकती, एवढ्या सगळ्याच्या जागी एक वाकवलेली तार.

मूर्खपणा मात्र पेडल ज्यावर फिरतं त्या दांडीत केला. दांडीही स्वतःच करायची हट्टाने ठरवलं, ईएन८ पोलादाच्या सळईतून. पेडलचे आटे ९/१६ इंच, इंचाला २०. काकांच्या जुन्या लेथचा लीडस्क्रू (ज्याच्या जोरावर आटे पडतात तो) इंचाचा, त्यामुळे गिअर लावायला पाच मिनिटं. संध्याकाळी दोन चकचकीत दांड्या हातात. घरी आलो, उजवी बसली. डावी एक आटाही जाईना, आणि मी तरी पान्याने जोर लावला.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मला हे शाळेपासून माहीत आहे. चालवताना पेडल आपोआप सुटू नये म्हणून ते तसे असतात. ड्रॉइंगवर मी लिहिलं होतं: 'दांडी, नग २'. काकांनी नग दोन केले. "तू लिहिलं नाहीस, मी पाडले नाहीत," इतकंच ते म्हणाले. पेडल ज्यात बसतं त्या क्रँकच्या तोंडाचे दीड आटे खाल्ले गेले, उलटा टॅप फिरवून कसेबसे वाचले.

२३ मार्च

उलट्या आट्यांची दांडी झाली. दांड्यांचे सगळे मिळून २,२००.

क्लीट पितळेचं, ५ मिमी. पितळ मुद्दाम: दोन भाग घासणार असतील तर स्वस्त आणि सहज बदलता येणारा झिजावा. क्रँकब्रदर्सची क्लीटही पितळेची असतात. लेसरवाल्याकडे जुनं सीओटू मशीन, पितळेवर किरण परततो म्हणून त्याने हात वर केले. शेवटी वायरकट, म्हणजे विजेच्या तारेने ठिणग्यांनी कापणं. दोन जोड्यांचे १,८००. कड आरशासारखी आली, तेवढी गरज नव्हती.

पाय सुटायला किती जोर लागतो ते मोजायची युक्ती: बॅग तोलायचा हुकाचा काटा क्लीटपासून २० सेंटीमीटरवर टाचेला बांधायचा आणि आडवा ओढायचा. जुनं विकतचं पेडल ४.२ किलोला सुटलं. माझं ९ किलोला. कॅडबरी जंक्शन आठवलं. पियानो वायरच्या वेढ्यांची संख्या दोनावरून चार केली, ५.५ वर आलं.

९ एप्रिल

गुढी उभारून, श्रीखंड खायच्या आधी परत यायचं म्हणून पहाटे पाचला निघालो. ऐरोली, वाशी, पाम बीच रोडने बेलापूर आणि परत. खटका एकदाही चुकला नाही. गुडघा मात्र चुकला.

सानपाड्याजवळ उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू कुरकुरायला लागली, परतताना कळवा पुलावर मी जवळजवळ एका पायाने चालवत होतो. वायरकटची अचूकता मला अभिमानाची वाटत होती, तीच नडली. क्लीट आकड्यात इतकं नेमकं बसत होतं की पाय एक अंशही हलत नव्हता. विकतच्या एसपीडीत सुटण्याआधी पायाला थोडी डावी-उजवी मोकळीक असते, तिला फ्लोट म्हणतात. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये ती रंगावरून ओळखतात: पिवळ्याला ६ अंश, लालला शून्य. मी नकळत लाल केलं होतं, तेही वाकडं बसवून.

कानस घेऊन क्लीटच्या खांद्यावरून दोन्हीकडे पाऊण मिमी काढलं. वायरकटचे पैसे देऊन मग कानस, हे काकांना सांगितलं नाही. गुडघ्याला दहा दिवस सुट्टी.

२८ एप्रिल

तारेला गंजाचे ठिपके. मी शहाणपणा करून चारही स्प्रिंगा झिंक प्लेटिंगला दिल्या. कमीत कमी बिल ३०० रुपये, मग चार स्प्रिंगांसाठी तीनशे. छान चमकत आल्या. शुक्रवारी बसवल्या. शनिवारी सकाळी सायकल उचलायला गेलो तर एक बसल्या जागी तुटलेली. कुणी पाय ठेवला नव्हता, सायकल भिंतीला टेकून उभी होती. दुसरी पहिल्याच खट्टला गेली.

कामावर आमच्या हीट ट्रीटमेंटच्या साहेबांना तुकडा दाखवला. त्यांनी मोडलेलं तोंड पाहून एवढंच विचारलं, "प्लेटिंगनंतर भाजल्या होत्यास?" अॅसिड आणि प्लेटिंगच्या हौदात हायड्रोजन पोलादात शिरतो, कडक पोलाद ठिसूळ होतं, आणि ताण असेल तर काही तासांनी आपोआप तडकतं. प्लेटिंग झाल्यावर लगेच १९० ते २०० अंशांना चार तास तरी भाजावं लागतं. बोल्टवाल्यांना हे तोंडपाठ असतं. रोज मी डाय आणि पंचला हात लावतो, पण स्प्रिंगच्या बाबतीत डोकं चाललं नाही.

५ मे

नव्या तारा. प्लेटिंग बंद, नुसतं ग्रीस. वाकवल्यानंतरचा ताण काढायला २३० अंशांना अर्धा तास, घरच्या ओटीजीमध्ये. आईने विचारलं, "हे काय भाजतोयस?" मी "चकली" म्हणालो, ते चाललं नाही. तारेला तेल राहिलं होतं, धूर झाला, आणि पुढच्या आठवड्यातल्या नानखटाईला डिझेलचा वास आला. ओटीजी आता माझा आहे, घरात दुसरा आला. त्याचा खर्च मी या हिशेबात धरत नाहीये.

करायचंच असेल तर तार थिनरने पुसून, पूर्ण कोरडी करूनच आत ठेवा.

२० मे

मतदान. काकांचा गाळा बंद, मला सुट्टी. शाई लावून परत आलो आणि टेबलावर 'ब' उघडून बसलो. दांडी ज्यात फिरते त्या गनमेटलच्या बुशात आठशे किलोमीटरच्या आत खडखड सुरू झाली होती. दांडी काढून पाहिली, एका बाजूला ओरखडे. मी दांडी कडक करून घेतलीच नव्हती.

तेव्हा घरातल्या भंगारात पडलेलं एक ३५० रुपयांचं साधं अॅल्युमिनियम पेडल दिसलं. त्यात कडक दांडी आहे. बरोबर आटे आहेत, डावे उलटे, कुणाला सांगावं न लागता. छर्रे, कोन, वाट्या सगळं आहे, आणि कुठलाही सायकलवाला ते ग्रीस करून देतो. अडीच महिने आणि २,२०० रुपये मी जे करत होतो, ते कुणीतरी लाखांच्या संख्येने आधीच करून ठेवलं होतं. हॅक्सॉ घेतली, बाहेरचा पिंजरा कापला, मधली नळी ठेवली.

तसंच क्लीटचं. ठाण्यातल्या सायकलच्या दुकानांत एसपीडीचं क्लीट मिळतं. मी पितळेचं कापून घेत बसलोय. ते फक्त माझ्याकडे असणार, आणि पालघरला ते झिजलं तर मी चालत येणार.

१६ जून

आराखडा 'क'. पेडलची नळी, दांडी, छर्रे: विकतचे. क्लीट: विकतचं, शिमानोचं एसएच५१, जोडी ९००. माझं फक्त मधलं: दोन तुकड्यांची अॅल्युमिनियमची बॉडी, जी नळीला दोन एम५ बोल्टांनी कवटाळते, तिच्यातच कोरलेला पुढचा आकडा, आणि मागची तार. एका पेडलला स्वतःचे भाग तीन, बोल्ट दोन, तार धरणारी एक पिन. मिलिंगचे दोन जोड्यांना मिळून २,८००. पिंजरा कापताना दोन पेडलांच्या नळीलाच करवत लागली, म्हणून साधी पेडलं तीन जोड्या लागली, १,०५०.

दोन्ही बाजूंना खटका हा हट्टही सोडला. एकच बाजू. तार मागे असल्याने वजन मागे जातं, पेडल आपसूक नाक वर करून लटकतं, पाय पुढे सरकवला की बसतो. पहिल्या दिवशी लटकत नव्हतं, छर्रे दाबणारा कोन जास्त आवळला होता. पाव फेरा सैल केला.

३० जून

दोन आठवड्यांत तारेवर जिथे क्लीट घासतं तिथे खाच. कडक पोलादाचं क्लीट गोल तारेवर एका रेषेत टेकतं. खाच म्हणजे पुढच्या महिन्यात तार तुटणार, हे आता मला सांगावं लागत नाही.

उपाय काकांचा. शटरच्या रोलरकडे बोट दाखवून म्हणाले, "तारेला नळी घाल. घासू दे नळीला, फिरेल ती." ५ मिमी बाहेरून, ३.२ मिमी आतून, स्टेनलेसची नळी, यूच्या आडव्या भागावर. क्लीट आता घासत नाही, लोळतं. आवाजही बदलला, खट्टऐवजी टक्क.

मी चार तारा आधी वाकवल्या आणि मग नळी घालायला गेलो. वाकवलेल्या यूमध्ये नळी कुठून घालणार? चारही फेकल्या. नळी आधी, वाकवणं नंतर. तारा, वाकवणी आणि प्लेटिंग मिळून आजवर १,६००.

१४ जुलै

विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं होतं, नेहमीप्रमाणे. गुडघाभर नव्हतं, पण पेडल दर फेऱ्याला बुडत होतं. तरी दिघ्यापर्यंत पाय नीट सुटत-बसत राहिला. चिखल बसतो, पण बॉडीच्या मधोमध खाली भोक ठेवलंय, क्लीट बसताना चिखल तिथून खाली ढकलला जातो. हे भोक मी वजन कमी करायला पाडलं होतं. खरं कारण आज कळलं, पण श्रेय घेतो.

क्लीटच्या बोल्टांच्या अॅलनच्या खाचेत ग्रीस भरा. नाहीतर सप्टेंबरमध्ये खाच गंजून गोल होईल आणि ड्रिल मारून काढावे लागतील. जुन्या जोडीला मी तेच केलंय.

४ ऑगस्ट

उपवनहून येऊरचा चढ. उभं राहून पेडल वर ओढलं आणि उजवा पाय निसटला. नडगी क्रँकवर. रोलरमुळे सुटणं इतकं सोपं झालं होतं की काट्यावर ३ किलो येत होतं, मी रोलर घातल्यावर पुन्हा मोजलंच नव्हतं.

टेन्शनचा स्क्रू परत आणायचा मोह झाला. पण तोच गंजून बसला म्हणून तर हे सगळं सुरू झालं. त्याऐवजी तारेचं शेपूट अडकवायला बॉडीत तीन भोकं पाडली. पक्कडीने शेपूट उचलून पुढच्या भोकात टाकायचं. पहिलं ३ किलो, दुसरं ४.५, तिसरं ६. मी दुसऱ्यावर. नव्या माणसाने पहिल्यावरच ठेवावं आणि येऊरला ओढू नये.

१ सप्टेंबर

'क' वर ११०० किलोमीटर. एक तार बदलली, तुटली म्हणून नव्हे, तपासायला. खाच नाही. डाव्या बॉडीचा एक बोल्ट दोनदा सैल झाला, आता लॉकटाइट लावलंय. घोडबंदरला मेट्रोच्या कामाजवळच्या खड्ड्यांतून चार फेऱ्या झाल्या, नळीवर बॉडी सरकली नाही. एका पेडलचं वजन विकतच्यापेक्षा ४० ग्रॅम जास्त. त्यावर काही करणार नाही.

एकूण खर्च १३,०५०. आज चालू असलेल्या जोडीत मिलिंगच्या दोन्ही जोड्यांचे पैसे धरले तरी त्यातले फक्त ४,३०० आहेत. जुनी विकतची जोडी ३,२०० ला घेतली होती. दोन महिने म्हटलं होतं, आठ लागले.

दुसरी मिल केलेली जोडी काकांना दाखवायला नेली. त्यांनी तार दाबून पाहिली, रोलर फिरवला, आपल्या काळ्या सायकलकडे पाहिलं. मग विचारलं, "हे चपलेला बसतं का रे?" चामड्याच्या तळाला ३ मिमीची पट्टी टाकून एम५ चे नट बसतील का, ते पुढच्या रविवारी बघतोय.